आनंदाबाईची मालिका

आमच्या घरात मिक्सर दोन. एक जुना, तो सुरू केला की पलीकडच्या गल्लीतही कळतं, शकुंतलाबाईकडे आज चटणी आहे. दुसरा नवाकोरा, माळ्यावर खोक्यातच पडून. बायका विचारायच्या, नवा का नाही काढत? मी म्हणायची, जुना मोडला नाही ना अजून. खरं कारण सांगायची सोय नव्हती. आता पिपरी मेघेतल्या आमच्या सगळ्या ले-आउटला, म्हणजे वसाहतीला, ते ठाऊक झालंय, तेव्हा मीच नीट सांगते. लोकांच्या तोंडून कसं ऐकू येईल, त्याचा भरवसा नाही.

कारण म्हणजे आमचे हे, प्रभाकरराव. वीज मंडळात लाइनमन होते. आधी कारंजा घाडग्याला, मग पवनारला, शेवटची वर्षं वर्ध्यात. वारा सुटला की लोक घराची दारं लावून घेत आणि हे दार उघडून खांबावर चढायला निघत. गावात लाइट गेली की पहिला फोन यांनाच यायचा, तोही बहुतेक ऐन मालिकेच्या वेळेला. बायका फोनवर अशा बोलायच्या, जणू यांनीच मुद्दाम तार तोडली आहे. हे ताटावरून उठायचे. दुसऱ्यांचे टीव्ही सुरू करण्यात यांची सगळी नोकरी सरली, पण स्वतः एक मालिका धड बसून पाहिली नाही.

माणूस बोलायला कोरडा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, याला मायाच नाही. मग माझे वडील गेले. घर माणसांनी भरलेलं, जो तो आईला समजावतोय, धीर धरा, देवाची मर्जी, आणि काय काय. हे आईजवळ ओट्यावर दिवसभर बसून होते, आणि एवढंच बोलले, "मामी, चहा घ्या." आई पुढे मरेपर्यंत सांगायची, त्या दिवशी जावईच तेवढे माझ्याजवळ होते.

यांचं ते असंच. कोणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांत आधी हे पोचणार. बांबू कुठून आणायचे, लाकडं कोण कोरडी देतो, पवनारला धाम नदीवर राख न्यायला गाडी कोणाची सांगायची, सगळं यांना पाठ. आणि ते झालं की ज्याचं माणूस गेलं त्याच्या शेजारी बसून राहायचं, न बोलता. गावात एखाद्याला गाण्यासाठी ओळखतात, एखाद्याला भांडणासाठी. यांना बसण्यासाठी ओळखायचे.

रिटायर झाल्यावर मात्र या माणसाला बसून काय करावं ते कळेना. टीव्हीसमोर बसायचे आणि मध्येच उठून मीटर पाहून यायचे. दिवाळीला आमचा अंकुश पुण्याहून आला. त्याने यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. टीव्ही लावायचा, ॲपमधलं बटण दाबायचं आणि फोन टीव्हीजवळ ठेवायचा. फोन आवाज ऐकतो, कोणतं चॅनल चाललंय ते ओळखतो, आणि पाहणाऱ्याला पॉइंट देतो. मी अंकुशला म्हटलं, यात कंपनीचा काय फायदा? तो म्हणाला, "आई, तुले काय करायचं? टीव्ही तर तुमी फुकटबी पाहताच."

झालं. आमच्या घरात त्या दिवसापासून फोन हा घरमालक आणि आम्ही भाडेकरू. मालिका लागली की मी कुकर लावायचा नाही. "तू शिट्टी वाजवली का त्याले ऐकू येत नाई." मी खोकले तरी वळून पाहायचे. बरं, पाहायचे तरी काय? सासूसुनांची मालिका. ती लाल साडीवाली कोण, हे मला रोज विचारायचे आणि रोज विसरायचे. पण पॉइंट चढताना फोन टिंग करायचा, आणि त्या टिंगला यांचा चेहरा असा खुलायचा, की मीही काही बोलायची नाही. खांबावरून उतरल्यापासून यांना शाबासकी अशी मिळालीच नव्हती कुठे.

मग ॲपवर एक बक्षीस निघालं. रोज संध्याकाळी त्या चॅनलची ती मालिका पाहायची, महिनाभर, एकही दिवस न चुकता. चुकला की पहिल्यापासून सुरू. महिना पुरा झाला की मिक्सर. बाजारात जाऊन आणला असता तर त्याच दिवशी घरी आला असता, आमची तेवढी ऐपत आहे. पण यांना तो जिंकून आणायचा होता. "तुह्यासाठीच करून राह्यलो ना," असं म्हणायचे. मीही मनातून सुखावले होते, खोटं कशाला बोलू.

महिना अर्धा सरला आणि आनंदाबाई गेली.

आनंदाबाई म्हणजे महादेवरावांची बायको. मागच्याच गल्लीत घर. महादेवराव कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते, ते आणि आमचे हे पवनारजवळच्या एकाच खेड्यातले, लहानपणापासूनचे. नवऱ्यांची दोस्ती म्हणून आमची ओळख, आणि पुढे आमची दोस्ती त्यांच्याहून पक्की झाली. वाती वळायला, शेवया करायला मी तिच्याकडे किंवा ती माझ्याकडे. त्या सकाळी ती दोरीवर कपडे वाळत घालताना खाली बसली ती उठलीच नाही. तिची सून ज्योत्स्ना अनवाणी धावत आमच्याकडे आली. हे चहाचा कप तसाच ठेवून निघाले. नेहमीसारखे सगळ्यांत आधी पोचले, सगळं केलं, महादेवरावांना धरून घाटावर नेलं, धरून परत आणलं.

दुपारी मी त्यांच्याकडे कडू घास, सुतकाच्या घरी शेजारचे देतात ते जेवण, नेला. बैठकीत आनंदाबाईचा फोटो ठेवला होता, पुढे दिवा. बाजूचा टीव्ही ज्योत्स्नाने चादरीने झाकला होता. आमच्याकडे तशीच रीत. सुतकाच्या घरात फोडणी नाही, टीव्ही नाही, आणि आजूबाजूचेही आपापला आवाज बारीक करतात. मी तर घरी येऊन आमच्या टीव्हीची पिनच काढून ठेवली. नात्याची नसली तरी माझी ती बहिणीपेक्षा जास्त होती.

संध्याकाळी हे आंघोळ करून खोलीत आले आणि पिन लावायला वाकले. मी विचारलं, हे काय? म्हणाले, जरा बातम्या पाहतो. मी म्हटलं, "आज आनंदाबाईले जाळून आलो आपण. लाज नाई वाटत?" त्यांनी हात मागे घेतला. घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, दिवसभर उन्हात होते, डोकं ठिकाणावर नसेल. मग आम्ही दोघं महादेवरावांकडे बसायला गेलो.

बैठकीत सतरंजीवर गल्लीतली सगळी माणसं. महादेवराव भिंतीला टेकून, डोळे फोटोकडे. हे त्यांच्या शेजारी बसले. आणि हे, जे अशा ठिकाणी जन्मात बोलले नाहीत, ते बोलले.

"ज्योत्स्ना, टीव्ही लाव माय."

सगळ्यांनी माना वर केल्या. ज्योत्स्ना गोंधळून सासऱ्याकडे पाहू लागली.

"वहिनीच्या मालिकेची वेळ झाली," हे म्हणाले. "दहा दिवस जीव घरातच राह्यते म्हणतात. तिले ऐकू दे."

खोलीत एकदम हुंदका फुटला. कोणाचा ते कळलं नाही, कदाचित माझाच असेल. महादेवरावांनी हळूच मान हलवली. ज्योत्स्नाने चादर काढली, हे सांगतील ते चॅनल लावलं, आणि त्या मालिकेचं गाणं सुरू झालं. बायका पदर तोंडाला लावून रडल्या. यांनी खिशातून फोन काढून टीव्हीजवळ, फोटोशेजारी ठेवला. मी ते पाहिलं, आणि मला वाटलं, खाली बसताना खिशात टोचत असेल. महादेवरावांनी यांचा हात घट्ट धरला होता. मालिका संपेपर्यंत सोडला नाही.

दहाव्यापर्यंत रोज तसंच झालं. रोज त्या वेळेला लोक जमायचे, चादर निघायची, मालिका लागायची. मला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी घरी येऊन त्यांना म्हटलंही, तुमच्या हे मनात आलं तरी कसं? ते म्हणाले, झोप आली.

तेरवी झाली, आणि थोड्या दिवसांनी कुरिअरवाला खोकं घेऊन आला. यांचंच नाव. हे नळावर पाय धूत होते. मी खोकं उघडलं. मिक्सर. वर एक चकचकीत कागद, महिनाभर एकही दिवस न चुकता आमच्यासोबत राहिल्याबद्दल अभिनंदन. मी हसतच होते. मग माझं हसू थांबलं. एकही दिवस न चुकता? आमच्या टीव्हीची पिन तर मी दहावा झाल्यावर लावली होती. मग यांच्या फोनने कोणता टीव्ही ऐकला?

ते ओले पाय घेऊन दारात उभे होते. माझ्या हातातला कागद त्यांना दिसला.

"तुमी त्या फोनसाठी टीव्ही लावाले सांगितला?"

"तोंडातून निघून गेलं," ते म्हणाले. "वेळ टळून राह्यली होती. मंग तो माहा हात धरून रडला, अन् मले थांबवता नाई आलं."

मला काय वाटलं ते सांगते. मला लाज वाटली, अशी की कोणी अंगावरचं लुगडं ओढावं. मी त्या खोलीत मन मोकळं करून रडले होते. माझ्या मैत्रिणीचा जीव ऐकतोय असं समजून मी त्या लाल साडीवालीचं प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकलं होतं. ऐकत होता तो फोन, दिव्याच्या शेजारी बसून. हे म्हणाले, मिक्सर फेकून देतो. मी म्हटलं, फेकायचा नाही आणि वापरायचाही नाही, दिसत राहू दे. त्यांनी स्वतः शिडी लावून तो माळ्यावर ठेवला. ॲपही काढून टाकलं. पण झालेलं काय निघतं?

निघणं दूरच, ते वाढत गेलं. महादेवराव जो भेटेल त्याला सांगायचे, माझ्या दोस्ताने आनंदाची वेळ पाळली. किराण्याच्या दुकानात सांगितलं, दवाखान्याच्या रांगेत सांगितलं. पलीकडच्या ले-आउटमध्ये एक म्हातारे गेले, त्यांच्या फोटोसमोर दहा दिवस कुस्त्या लावल्या. कोणी कीर्तन लावलं, कोणी क्रिकेट. लोक त्याला प्रभाकरभाऊंची रीत म्हणू लागले. रस्त्यात बायका मला थांबवून सांगायच्या, तुमच्या यांच्यामुळे आमच्या सासूबाईंना शेवटी त्यांची मालिका मिळाली. मी हसायची. आतून मेल्याहून मेली व्हायची. हे तर बाहेरच पडेनात. महादेवराव रोज संध्याकाळी बोलवायचे, त्या वेळेला ते अजून टीव्ही लावून बसत होते. हे गुडघ्याचं निमित्त सांगायचे.

उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या ताराचंदजींचं झालं. यांना तिथे जाणं भागच होतं. संध्याकाळी आम्ही सतरंजीवर बसलो होतो, तर ताराचंदजींची बायको सीताबाई स्वतः उठून आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने यांच्या हातात रिमोट दिला.

"भाऊ, तुमच्याच हातानं लावा. महादेवभाऊच्या घरी लावला होता तसा."

हे रिमोट घेऊन उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, महादेवरावही, भरल्या डोळ्यांनी. यांचा अंगठा बटणावर होता. वादळात खांबावर चढणाऱ्या या माणसाला ते बटण दाबवेना. त्यांनी रिमोट माझ्या मांडीवर ठेवला आणि चप्पल न घालता फाटकाबाहेर गेले. लोकांना वाटलं, भाऊंचं मन भरून आलं. मी रिमोट सीताबाईला परत दिला, माझ्याने तिच्याकडे पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मी सांगून येतो महादेवले. तू चाल संगं." एकट्याने जायची हिंमत नव्हती. महादेवराव अंगणात बाजेवर सुपात तूर निवडत होते. ते काम आनंदाबाईचं, आता ते करायचे, खडे टाकायच्या ऐवजी डाळच टाकायचे. यांनी बसायच्या आधीच सगळं सांगितलं. ॲप, बक्षीस, फोन फोटोशेजारी का ठेवला, मिक्सर. काही झाकलं नाही. ज्योत्स्ना चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

महादेवरावांनी हातातला खडा सुपातच परत टाकला. मग म्हणाले, "आनंदा ते मालिका पाहतच नव्हती."



"तिची मालिका दुपारची. संध्याकाळी तर ते देवाजवळ बसे. मले तेव्हाच समजलं का तुही चूक होऊन राह्यली. म्या म्हटलं, जाऊ दे. मालिका चुकली, पण आठवण तर ठेवली. एवढ्या लोकाईत तुले काऊन पाडाचं खाली? ज्योत्स्नालेबी डोळ्यानंच चूप केलं."

ज्योत्स्नाने मान खाली घातली. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. मी तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणवते, तिची मालिका कोणती हे मलाही ठाऊक नव्हतं. ती कधी बोलली असेलही, मी माझंच सांगत बसले असेन.

"महादेव, मले..." हे काही म्हणू लागले.

"त्या दहा दिवसातली तेवढी एकच गोष्ट माह्याजवळ होती, प्रभाकर," महादेवराव म्हणाले. आवाज चढवला नाही. "तेबी नेली तू."

सूप बाजूला ठेवून ते आत गेले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर त्या घराकडून बोलावणं आलं नाही, आणि आमची पावलं तिकडे वळली नाहीत. हे ओट्यावर बसून राहायचे. मी त्यांच्यावर रागावलेही, खूप बोलले, एकदा तर जेवायला वाढताना बोलले, ते चुकलंच माझं. मग मीच बोलायची थांबले. ज्योत्स्नाने बाहेर कोणाला काही सांगितलं नव्हतं. लोक अजून यांना वाकून नमस्कार करायचे, आणि प्रत्येक नमस्काराला हे मान फिरवायचे. लोकांना तो मोठेपणा वाटायचा.

पावसाळा सरता सरता प्रेमदासची आई गेली. प्रेमदास आमच्याच ओळीतला, ऑटो चालवतो. सांगायला माणूस आला. हे म्हणाले, तब्येत बरी नाही. मयतीला हे गेले नाहीत, असं पहिल्यांदा घडलं. बांबू दुसऱ्या कोणी आणले, आणि ते कमी पडले, असं मी गेले तेव्हा ऐकलं. परत आले तर हे होते तिथेच बसलेले.

संध्याकाळी फाटक वाजलं. महादेवराव. किती दिवसांनी. आत आले नाहीत, फाटकाशीच उभे राहिले.

"चाल," ते म्हणाले. "प्रेमदासच्या घरी लोकं तुही वाट पाहून राह्यले."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"हाये त्याच तोंडानं ये. फोन घरी ठेवजो."

यांनी खिशातून फोन काढून मला दिला. दोघं पुढे, मी मागे. दोन म्हातारे, मध्ये हातभर अंतर.

आम्ही पोचलो तशी माणसं सरकली, भाऊंना वाट करून दिली. म्हातारीच्या फोटोपुढे दिवा होता. प्रेमदास उठला आणि टीव्हीवरच्या चादरीचं टोक हातात धरून यांच्याकडे पाहू लागला. हे बसलेच नव्हते अजून.

"नोको लावू, बापू," ते म्हणाले. "हे काई रीत नाई. महादेवच्या घरी म्या फोनवरच्या बक्षिसासाठी टीव्ही लावाले लावला होता. वहिनीचं नाव घेऊन खोटं बोललो. तुमी सगळ्याईनं तेच धरलं."

कोणीतरी चक् केलं. सीताबाई तिथेच होती, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून आमच्याकडे पाठ केली. ती पाठ मला आजही दिसते. प्रेमदासने चादर सोडून दिली. हे मधोमध उभे, कानशिलं लाल, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. दाराकडे पाहू लागले, जिथे चपला होत्या. मला वाटलं, आता हा माणूस जाईल तो पुन्हा कोणाच्या दारात जाणार नाही. मी उठायच्या बेतात होते.

महादेवराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी यांच्याकडे पाहिलं नाही. सतरंजीवर थोडं बाजूला सरकले आणि मोकळ्या जागेवर हात ठेवला.

"बस," ते म्हणाले.

हे बसले.